रविवारची उपासना आणि सोमवारचा काटा

हळदपेठ_सांगली (धागाकर्ती)

जय ख्रिस्त. जे ख्रिस्ती नाहीत पण इथं वाचायला येतात, त्यांना नमस्कार.

प्रभू येशूचे सगळ्यात कडक शब्द कुणाच्या वाट्याला आले, ते मत्तयाच्या २३ व्या अध्यायात बघा. पापी समजल्या जाणाऱ्या जकातदारांसोबत तो जेवायला बसला, व्यभिचारात धरलेल्या बाईला त्यानं सोडवलं. आणि पुदिना, शेपू, जिरं यांचाही दशांश, म्हणजे देवाला द्यायचा दहावा हिस्सा, मोजून देणाऱ्या माणसांना मात्र चुना फासलेल्या कबरी म्हणाला. सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला तर त्यानं दान, प्रार्थना आणि उपवास या तीनच गोष्टी धरल्यात. तिन्ही चांगल्या, तिन्ही आपण करतो. लोकांनी बघावं म्हणून करू नका, एवढंच त्याचं मागणं. मला या अध्यायाची भीती वाटते, कारण तो बाहेरच्या जगाला उद्देशून नाही, रविवारी बाकावर बसणाऱ्या आपल्याला उद्देशून आहे.

माझे वडील इथं मार्केट यार्डात तोलाईदार होते. फेब्रुवारी-मार्चला नवी राजापुरी हळद यायला लागली की सौदे संपल्यावर पोती काट्यावर चढायची. मागं गाड्यांची रांग, दुकानाचा माणूस "उरका, उरका" करतोय, हमाल पुढचं पोतं खांद्यावर घेऊन उभा. अशा घाईत काटा डोलत असतानाच आकडा पुकारला, तर पोत्यामागं थोडं वजन सहज शेतकऱ्याच्या विरुद्ध जातं. कुणाला कळतही नाही. वडील पोत्यावरचा हात काढून घ्यायचे, एक पाऊल मागं सरायचे आणि काटा पुरता थांबेपर्यंत तोंड उघडायचे नाहीत. मगच आकडा. तोच पोत्यावर, तोच वहीत. जत, कवठेमहांकाळ आणि पार कर्नाटकातून येणारे शेतकरी दुकानात आल्या आल्या विचारायचे, "आज काट्यावर कोण हाय?" वडील ख्रिस्ती आहेत हे त्यातल्या बहुतेकांना ठाऊकही नसावं.

मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मात्र ते कधी वडीलमंडळात (चर्चच्या कारभारी मंडळात) नव्हते. साक्ष द्यायला, आपल्या विश्वासाचा अनुभव सांगायला, उभं राहा म्हटलं तर मान खाली घालायचे. लांबलचक प्रार्थना त्यांना जमली नाही. आमच्या मंडळीत 'आत्मिक माणूस' म्हणून ज्यांची नावं घेतली जातात, त्यांत त्यांचं नाव कधी आलं नाही. खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट आहे, हे नीतिसूत्रांच्या ११ व्या अध्यायाचं पहिलंच वचन. आम्ही संडे स्कूलमध्ये ते पाठ केलं, त्यांनी उभा जन्म काट्यापाशी पाळलं.

तरुण पोरं मंडळीतून हळूहळू कमी होताहेत. विचारलं की सांगतात, इथं गाणी म्हणणारी माणसं आम्हाला आठवडाभर गावात भेटतात. यावर तुम्ही काय म्हणता? विश्वास खरा आहे हे ओळखायचं कुठं? मनापासून लिहा.

---

निवृत्त_सिस्टर, मिरज

तुमच्या वडिलांबद्दल वाचून फार बरं वाटलं.

आपल्या भागाला अशी माणसं बघायची सवय आहे. मिशनरी डॉक्टर वानलेस १८८९ मध्ये सांगलीत आले, १८९४ मध्ये मिरजेचा दवाखाना उभा राहिला आणि १८९७ पासून त्यांनी इथल्या मुलांना वैद्यकी शिकवायला सुरुवात केली. पुढं १९२८ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. आज वानलेसवाडीला राहणाऱ्या कित्येकांना हे नाव एका माणसाचं आहे हेही ठाऊक नसतं. मला त्यात काही वावगं दिसत नाही. गावाच्या तोंडी नाव रुळलं, माणूस मागं राहिला.

मी शिकाऊ असताना कुष्ठरोग्यांच्या वॉर्डात एक वयस्क सिस्टर होत्या. रोगाने पायाची जाण गेलेली असते, खडा रुतला तरी कळत नाही, त्यामुळे रोज पाय तपासावे लागतात. त्या रोग्याला खुर्चीवर बसवायच्या, आपण खाली बुटक्या स्टुलावर. पाय पाण्यात भिजवून घ्यायचा, घट्टे हलक्या हातानं घासायचे, तेल लावायचं, मग बोटांच्या बेचक्यात एकेक करून नवी जखम शोधायची. पाय त्यांच्या मांडीवर असायचा. आम्ही पोरी हातमोजे चढवून लांब हातानं करायला बघायचो. त्या कधी रागावल्या नाहीत, उपदेश केला नाही. फक्त म्हणायच्या, "जवळ ये, लांबून जखम दिसत नाही." एवढ्या वर्षांत बरीच प्रवचनं ऐकली. ख्रिस्त म्हटलं की डोळ्यापुढं त्या सिस्टरच येतात.

पोरांना असं एक जरी माणूस दिसलं तरी ती टिकतात, असा माझा अनुभव आहे.

---

कृष्णाकाठ

सिस्टर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण मी त्या कमी झालेल्या पोरांतलाच एक आहे, म्हणून स्पष्ट लिहितो.

आमच्या मंडळीच्या हॉलमध्ये पंखे आहेत. प्रत्येकावर रंगवलंय, अमुक कुटुंबाकडून सप्रेम भेट. बाकांच्या पाठीवर नावं, भिंतीवरच्या घड्याळात नाव. उपासनेनंतर देणगीदारांची यादी आकड्यांसकट वाचली जाते, मोठ्या आकड्यापाशी वाचणाऱ्याचा आवाज चढतो. आणि त्याच हॉलची झाडलोट करणाऱ्या मावशींना महिन्याला जे हातावर टेकवतात, त्याहून जास्त खर्च नाताळच्या कॅरल फेरीत एका रात्रीच्या नाश्त्यावर होतो. मी कमिटीत विचारलं, तर "सेवाभावानं करतात त्या" असं उत्तर आलं. सेवाभाव फक्त त्यांनीच का दाखवायचा? याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायात लिहिलंय की मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं सेनाधीश प्रभूच्या कानी पोचतं. या वचनावर मी अजून एकही प्रवचन ऐकलेलं नाही.

त्यात मंडळीच्या निवडणुकीच्या वेळी दोन गट, एकमेकांवर कोर्टात दावे, आणि प्रभुभोजनाला दोन्ही गट एकाच रांगेत. अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण दे, असं प्रभूनं सांगितलंय. अर्पण तसंच ठेवून उठलेला माणूस मला अजून दिसायचा आहे.

माझा देवावरचा विश्वास गेलेला नाही. मला तिथं गुदमरायला होतं.

---

अजिंक्यतारा_पायथा

साताऱ्याहून. कृष्णाकाठ, पंख्यावरच्या नावाबद्दल थोडं वेगळं सांगतो. गेलेल्या मुलाच्या नावानं आईनं बाक दिला असेल तर तिथं दिखावा शोधू नये. ते तिचं दुःख आहे. यादी आकड्यांसकट वाचू नये, हे मात्र पूर्ण मान्य.

या विषयावर बोलताना साताऱ्याच्या माणसाला कवी नारायण वामन टिळक आठवणारच. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घरदार तुटलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षांनी, १९०० मध्ये, स्वतःच्या मनानं ख्रिस्ती झाल्या. आपल्या लोकांवर 'पोटासाठी धर्म सोडला' हा शिक्का तेव्हाही होता आणि आजही आहे. टिळकांनी मिशनचं काम बरीच वर्षं केलं, पण १९१७ मध्ये ते सोडून साताऱ्यात येऊन राहिले आणि 'देवाचा दरबार' उभा करायला निघाले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे एकत्र, अशी ती कल्पना. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार त्यांच्या मनातल्या रूपात वाढू शकला नाही.

मला यातली ओढ महत्त्वाची वाटते. पगार, पद, संस्था यांचा आधार बाजूला काढल्यावर माझ्यात ख्रिस्त किती उरतो, हे त्यांना बघायचं असावं. पन्नाशी उलटल्यावर, मान मिळालेला असताना हे करणं सोपं नव्हतं. कीर्तन, अभंग या मराठी वाटांनी ख्रिस्त सांगायची त्यांची धडपड मला याच ओढीतली वाटते. उसनं घेतलेलं अंगाला लागत नाही. भजनात टाळ हातात घेऊन आमच्या आज्जीला जे व्हायचं, ते तिला साहेबी चालीवर होत नसे.

---

पाळक_जतभाग

धागा वाचतो आहे. माझ्याकडं चार गावच्या छोट्या मंडळ्या आहेत, मोटरसायकलवर फिरतो.

हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोची गोष्ट आपण 'देवाचे पैसे चोरले म्हणून मेले' अशी सांगतो. प्रेषितांची कृत्ये, ५ वा अध्याय परत वाचा. प्रेषित पेत्र हनन्याला म्हणतो, जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हाती होते. म्हणजे अर्धे दिले असते तरी चाललं असतं. काही भाग मागं ठेवून सगळे दिल्याचं दाखवलं, तिथं ते मेले. कमी देणारा माणूस मंडळीत चालतो. विश्वासात डळमळणारा चालतो, रागीट चालतो, दारूशी झगडणारा तर आमच्याकडं दर रविवारी शेवटच्या बाकावर बसतो आणि मी त्याच्यासाठी देवाचे आभार मानतो. तो काहीही लपवत नाही. लूकच्या १८ व्या अध्यायातला जकातदार छाती बडवत उभा होता, आणि नीतिमान ठरून घरी गेला तो तोच.

म्हणून 'मी अजून पवित्र नाही, तेव्हा चर्चला जाणं ढोंग होईल' असं म्हणणाऱ्या पोरांना मी सांगतो, अरे, तसाच ये.

कृष्णाकाठ, मावशींच्या पगाराबद्दल तुमचं बरोबर आहे. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. पाळकाचा पगारही बऱ्याच ठिकाणी त्याच देणगीदारांवर चालतो. याकोबाचा ५ वा अध्याय काढायला छाती लागते. मी तो काढलाय, आणि पुढचे महिने कसे गेले ते माझ्या घरच्यांना ठाऊक आहे. तरी काढायलाच हवा.

---

नाव_नको

इतके दिवस नुसती वाचत होते. आज लिहिते. पाळकसाहेब, तुम्ही लपवण्याबद्दल लिहिलंत ते लागलं.

आमचं घर मूळ मातंग समाजाचं. आजीनं बाप्तिस्मा घेतला. तिच्या भाकरीच्या पिठातली एक मूठ दर रविवारी मंडळीसाठी बाजूला पडायची. पण वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी 'हिंदू' आणि पुढं जात लिहिली, ती आमच्या दाखल्यावरही आली. त्या दाखल्यावर भावाला वसतिगृह मिळालं, शिष्यवृत्ती मिळाली, पुढं नोकरी. आम्ही वर आलो ते त्यामुळं. रविवारी आम्ही सगळे चर्चमध्ये असतो. घरात येशूशिवाय दुसरं नाव नाही.

१९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आहे. अनुसूचित जाती म्हणजे फक्त हिंदू. १९५६ ला शीख घेतले, १९९० ला बौद्ध घेतले. ख्रिस्ती नाहीत. म्हणजे आजीनं येशूचं नाव घेतलं आणि कायद्याच्या लेखी तिची जात गेली. गावाच्या लेखी ती गेली का? पाण्यावर गेली नाही, वाड्यात गेली नाही. आणि खरं सांगू, मंडळीतही गेली नाही. माझ्या बहिणीचं स्थळ बघताना एका ख्रिस्ती घरानं विचारलं, "तुमचं मूळ कुठलं?" मूळ ऐकल्यावर परत फोन आला नाही. तीच माणसं मागून कुजबुजतात, हे कागदावर हिंदू आहेत, ढोंगी आहेत.

आता मुलाचा कॉलेजचा फॉर्म भरायचाय. तो विचारतो, "आई, धर्माच्या रकान्यात काय लिहू?" मला झोप येत नाही. आम्ही ढोंगी आहोत का?

---

निवृत्त_सिस्टर, मिरज

बाळ, आधी जवळ ये. तुझ्यावर दगड उचलायचा हक्क इथं कुणालाच नाही.

ज्यांनी मूळ विचारून फोन केला नाही, त्यांच्या पापाला आपण नावच दिलेलं नाही. प्रभूच्या एका प्याल्यातून पितो आणि सोयरीक जुळवताना आजोबांची आळी शोधतो. मिरजेतही हे चालतं, मी डोळ्यांनी बघितलंय.

---

कृष्णाकाठ

ताई, कायदा चुकीचा आहे असं माझंही मत आहे. धर्म बदलल्यानं गावानं दिलेली वागणूक बदलत नाही, हे तुम्ही दोन ओळींत दाखवलंत.

तरीही विचारलंत म्हणून प्रामाणिकपणे सांगतो. बायबलमधल्या दानीएलाला, राजानं प्रार्थनेवर बंदी घातली तेव्हा, खिडकी लावून घेऊन प्रार्थना करता आली असती. त्यानं ती यरुशलेमेकडं उघडीच ठेवली. रकान्यात 'हिंदू' लिहिलं तर मुलाच्या मनात ते कायमचं राहील का, याची मला काळजी वाटते. राग मानू नका.

---

पाळक_जतभाग

दानीएल राजदरबारी होता, कृष्णाकाठ. त्याचं म्हणणं निदान राजाच्या कानावर जात होतं. मी दुसऱ्या एका माणसाची आठवण देतो. २ राजे, ५ वा अध्याय, कुष्ठरोग झालेला अरामी सेनापती नामान. बरा झाल्यावर तो खऱ्या देवाला मानायला लागला, पण संदेष्टा अलीशाला म्हणाला, माझा धनी रिम्मोन या दैवताच्या देवळात नमन करतो, माझ्या हाताचा आधार घेतो, तेव्हा मलाही वाकावं लागेल, याची परमेश्वर मला क्षमा करो. अलीशानं त्याला झापलं नाही. "शांतीने जा" म्हणाला.

आता हे दाखवून मी ताईंना मोकळं करतो आहे असं कुणी समजू नये. दानीएलही बायबलमध्येच आहे. मला दिसतं ते असं, की नामानानं ती गोष्ट संदेष्ट्यापासून झाकली नाही. तोंडानं बोलला. तुम्हीही आज बोललात. मुलाशी बोला. आजीनं काय मोजून विश्वास घेतला, दाखल्यानं काय दिलं, खरं लिहिलं तर काय जाईल, सगळं त्याच्यापुढं ठेवा. निर्णय तुमच्या घरानं प्रार्थनेत घ्यावा. आणि खरं लिहायचं ठरलं तर त्या मुलाच्या फीचा भार मंडळीनं उचलला पाहिजे. दुसऱ्यानं किंमत मोजावी आणि आपण त्याच्या साक्षीला आमेन म्हणावं, हे मला पटत नाही.

---

कृष्णाकाठ

हे शेवटचं वाक्य माझ्या मनातलं. फीला माझ्याकडून दरमहा होईल तेवढं. नाव कुठंही वाचू नका.

---

वारकरी_कऱ्हाड

मी ख्रिस्ती नाही, पण राहवलं नाही. गळ्यात माळ घालणाऱ्यालाही हाच प्रश्न असतो. माळ घातली की खोटं बोलायचं नाही, दुसऱ्याचं लुबाडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आणि माळ घालून सावकारी करणारेही आम्ही बघतो.

शेजाऱ्याच्या नजरेतून एक सांगतो. आमच्या आळीत एक ख्रिस्ती शिक्षिका होत्या. २०१९ च्या पुरात पाणी ओसरल्यावर घरोघरी गुडघाभर गाळ. त्या सकाळी खराटा आणि बादली घेऊन आधी आमच्या घरी आल्या, कारण आई अंथरुणाला खिळलेली. दुपारनंतर आपल्या घराकडं गेल्या. त्यांनी धर्माचा एक शब्द काढला नाही. नंतर आईनंच त्यांना विचारलं, तुमच्या येशूचं काहीतरी सांगा की. धागा काढणाऱ्या ताईंच्या वडिलांबद्दल वाचून त्या आठवल्या.

---

हळदपेठ_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. वारकरीदादा, तुमचे विशेष.

नाव_नको ताई, तुमचं वाचल्यावर माझा प्रश्न बदलला. मी विचारत होते, खरा विश्वास कुठं ओळखायचा. ज्याला खरं बोललं की किंमत पडते, त्याला आपण काय देतो, हेही विचारायला हवं होतं. वडिलांनाही दुकानाच्या शिव्या खाव्या लागत होत्या. एका हंगामात काम सुटलं, तेव्हा मंडळीतल्या एका विधवा बाईनं दोन महिने आमच्याकडं ज्वारी पोचवली. ती होती म्हणून त्यांना पुन्हा तसंच काट्यापाशी उभं राहता आलं. तिचं नावही कुणी कुठं रंगवलेलं नाही.

आमच्या मंडळीची बैठक या रविवारी उपासनेनंतर आहे. दोन विषय लेखी देते आहे. मावशींना शासनाच्या किमान वेतनाप्रमाणे पगार, मागचा फरक धरून. आणि देणगीची यादी वाचणं बंद. हिशेब कापडी फलकावर लागेल, नावांशिवाय, कुणालाही तपासता येईल असा. सोयरिकीत मूळ विचारण्याचा विषय ठरावानं सुटणार नाही. तो महिला मंडळात मी स्वतः काढीन, कारण स्थळं तिथंच जुळतात.

---

निवृत्त_सिस्टर, मिरज

पगाराचा विषय आधी घ्या. यादीवर वाद झाला तर वेळ तिथंच जाईल. मागच्या फरकाचा आकडा आधीच काढून न्या, नाहीतर 'बघू' म्हणतील.

---

कृष्णाकाठ

आकडा मी काढून देतो. आणि रविवारी येतो. किती वाजता?

---

हळदपेठ_सांगली

उपासना साडेआठला, बैठक साधारण साडेदहाला. उपासनेलाच या.

---

पाळक_जतभाग

नाव_नको ताई, तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय. तुमचं गाव माझ्या फेरीत असेल तर मंगळवारी येतो, मुलगा घरी असेल अशा वेळी.

---

नाव_नको

व्यनि मिळाला. संध्याकाळी सातनंतर या, तो क्लासहून आलेला असतो. त्याला सांगितलंय. तो म्हणाला, आज्जीची सगळी गोष्ट त्याला आधी ऐकायचीय, मग फॉर्म.